चष्म्याच्या डबीतला पंच

माझ्या भावाला गिऱ्हाईकं पाठीमागे ‘थांबाकाका’ म्हणतात. त्याला ते माहीत आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. कोणीतरी धापा टाकत कॉम्प्युटर काउंटरवर आणून ठेवतं, “सारखा बंद पडतो हो, काय झालंय याला?” असं विचारतं, आणि दादा चष्मा वर सरकवून म्हणतो, “थांबा जरा. मला अजून माहीत नाही.” अहो, दुकानदारानं असं म्हणायचं असतं का? काहीतरी ठोकून द्यावं, गिऱ्हाइकाच्या जिवाला बरं वाटतं. अकरा वर्षं मी हे त्याच्या कानीकपाळी ओरडते आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी त्याची धाकटी बहीण. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून त्यानं माझं नाव ‘भिंगरी’ ठेवलं, आणि आता पन्नाशीला टेकले तरी तो मला त्याच नावानं हाक मारतो, तीही गिऱ्हाइकांसमोर. दुकान आमचं दोन टेबलांचं. डावीकडे शिंपी, उजवीकडे चष्म्याचं दुकान. पुढच्या टेबलावर मी, आतल्यावर दादा. उघडलेल्या मशीनचे स्क्रू तो बर्फाच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवतो, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. माझे स्क्रू बशीत असतात, आणि शेवटी एक उरतोच.

नवऱ्याचं नि माझं फाटलं तेव्हा दोन बॅगा घेऊन मी दादाच्या दारात उभी राहिले होते. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. वहिनीनं ताट वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. “प्लग काढायचा, मनातल्या मनात दहा मोजायचे, मगच आत हात घालायचा,” एवढाच पहिला धडा. मशीन बंद केलं तरी आत थोडी वीज रेंगाळते, तिला जायला वेळ द्यायचा. दहा आकडे. एवढंच काम होतं माझ्याकडे.

दुसरा धडा त्यानं मला दिला तो गिऱ्हाइकांनाही देतो, त्यांनी विचारलं नसलं तरी. “हे बघ, कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. कुणाला किती जागा, कुणाचं काम आधी, सगळं तो बघतो. त्याला काहीतरी भलतंच दिसलं की तो सरळ सगळं बंद करतो. पण जाताना निळ्या पडद्यावर चिठ्ठी लिहून जातो, का बंद केलं त्याची. आता प्रश्न एवढाच, की कारभारी स्वतः चुकला, की त्याला खालून कुणी खोटं सांगितलं? कारभारी चुकत असेल तर रोज त्याच जागी चुकतो, चिठ्ठी तीच येते. आणि हार्डवेअर बिघडलं असेल ना, तर ते रोज नवी थाप मारतं. खोटं बोलणाऱ्याला काल काय सांगितलं ते आठवत नाही.”

म्हणून तो पाच चिठ्ठ्या जमेपर्यंत तोंड उघडत नसे. मशीन चालू ठेवायचा, बंद पडू द्यायचा, चिठ्ठी कागदावर उतरवायचा, पुन्हा चालू. पाचही सारख्या असतील तर कारभाऱ्याकडे बघायचं. पाच तऱ्हा असतील तर पंचाला बोलवायचं.

पंच म्हणजे एक रॅम, मेमरीची हिरवी पट्टी, बोटभर रुंद. दादाच्या मते जगातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू. तपासणीचा प्रोग्रॅम असतो, नाही असं नाही, पण दादा म्हणायचा, काही पट्ट्या परीक्षेपुरत्या हुशार असतात. पंच मात्र नऊ वर्षं कधी चुकला नव्हता. गिऱ्हाइकाची पट्टी काढायची, पंच लावायचा. मशीन पडायचं थांबलं तर गिऱ्हाइकाची पट्टी खराब. तरीही पडलं तर पट्टी निर्दोष, दोष मशीनच्या मुख्य बोर्डात. पंचाचा निकाल झाला की विषय संपला. तो एका जुन्या चष्म्याच्या डबीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. ओळख पटावी म्हणून एका कोपऱ्यावर वहिनीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका.

आता माझं सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते.

एका दुपारी दादा जेवायला घरी गेला होता आणि काउंटरवर एक बाई उभ्या होत्या. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. त्यांच्या मशीनला पंच लावून बघावा म्हणून मी डबी उघडली. मशीन बंद केलं, पण प्लग भिंतीतच. दहा कोण मोजतंय! पट्टी आत दाबली आणि चट्ट आवाज झाला. बारीकसा. बाईंना ऐकूही आला नाही. मी पट्टी काढली, प्लग काढला, आता मात्र दहाऐवजी वीस मोजले, पुन्हा लावली. मशीन सुरू झालं, काही झालं नाही. मी पंच फडक्यात गुंडाळला, डबी जागेवर ठेवली आणि दादा आल्यावर म्हटलं, “जेवलास का रे नीट?” बस. एवढंच म्हटलं.

पुढचे सहा आठवडे मी अजून विसरू शकत नाही.

पहिलं आलं छापखान्याचं मशीन. पाच चिठ्ठ्या, पाच तऱ्हा. दादानं पंच लावला, तरीही पडलं. म्हणजे पट्टी निर्दोष. त्यानं बोर्ड बदलला, गिऱ्हाइकाची पट्टी परत लावली, मशीन गेलं. तिसऱ्या दिवशी छापखानेवाले परत. ऐन लग्नपत्रिकांच्या घाईत मशीन चार वेळा आडवं झालं होतं. दादानं पुन्हा पंच लावला. पुन्हा पडलं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या मशीननं चार चिठ्ठ्या दिल्या, चारही सारख्या, दातांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमचं नाव प्रत्येक चिठ्ठीवर. शेंबडं पोरही सांगेल की दोष प्रोग्रॅमचा. पण पाचवी चिठ्ठी राहिली होती, आणि दादानं सहज, खात्रीसाठी, पंच लावला. पाचवी चिठ्ठी वेगळी. सहावी आणखी वेगळी. तो चक्रावला. नऊ वर्षांत पंच खोटा ठरला नव्हता, म्हणून त्यानं आपल्या चार चिठ्ठ्या खोट्या धरल्या. “हार्डवेअर आहे,” म्हणाला. बाईंनी मशीन पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात नेलं. तिथल्या दुकानदारानं कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम काढून नवा टाकला आणि दहा मिनिटांत मशीन ठणठणीत. बाई मुद्दाम सांगायला आल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती हो.”

असं एक नाही, सात मशीनचं झालं. सातव्यानंतर दादानं चिठ्ठ्या उतरवायचं थांबवलं आणि दुसऱ्याच चिठ्ठ्या लिहायला लागला. ‘गॅस बंद केला.’ ‘शिंप्याला छत्री परत दिली.’ ‘भिंगरीनं सांगितलं, उद्या वीज नाही.’ शर्टाच्या खिशात कागदांचा गठ्ठा. वहिनीनं मला बाजूला घेतलं. “अगं, हा आप्पांचं मनावर घेऊन बसलाय,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

आप्पा म्हणजे आमचे वडील. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवल्या, आम्ही सगळे पोट धरून हसलो. साठीला ते दादाला “आपण कुठले?” असं विचारायला लागले. त्यांची शेवटची सहा वर्षं दादानं काढली, न्हाऊमाखू घालण्यापासून. मी तेव्हा सासरी होते, सणवारी येऊन रडून जायची. आणि आता दादाला सत्तावन्न चालू होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं मला खवखवायला लागलं. सुट्टीच्या दिवशी, विसरलेला डबा आणायचं निमित्त काढून, मी एकटी दुकानात गेले. एका धडधाकट मशीनमध्ये पंच लावला, प्लग काढून, दहा मोजून. तपासणीचा प्रोग्रॅम सुरू केला. दहा मिनिटं काही नाही. अर्धा तास काही नाही. मला हायसं वाटायला लागलं होतं. पट्टी तापली, चाळिसावं मिनिट उलटलं, आणि पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरायला लागला. थांबेनाच. मी बंद केलं.

त्या क्षणी घरी जाऊन सांगायचं होतं. वाट चार मिनिटांची आहे. चार मिनिटांत मी काय ठरवलं? तर तशीच पट्टी मागवायची, ठिपका द्यायचा, गुपचूप डबीत ठेवायची. पंच बरा झाला की दादाची निदानं बरी होतील, दादाही बरा होईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. आमच्या घरात हुशार मीच ना! दादा मंद, मी चलाख, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले.

ते मॉडेल जुनं, मिळायला नऊ दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी दादाची दवाखान्यात मेंदूची तपासणी होती. वहिनीला बघवेना, म्हणून मी बरोबर गेले. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दादानं घड्याळ, अंगठी, चष्मा काढून माझ्या ओंजळीत ठेवला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा हुबेहूब आप्पांसारखा दिसला. तो म्हणाला, “भिंगरे, माझं तसलं काही निघालं तर वहिनीला एकदम सांगू नकोस हं. थांब जरा. मी सांगेन.” मी म्हटलं, “काही निघत नाही, वेड्या.” अहो, मला माहीत होतं! त्या अख्ख्या इमारतीत मला एकटीला पक्कं माहीत होतं की त्या सात मशीनचा दोष त्याच्या डोक्यात नव्हता. आणि मी त्याचा चष्मा पदरानं पुसत बसले.

रिपोर्ट चांगला आला. दादा हसलाही नाही. “आप्पांचा पहिला रिपोर्टसुद्धा चांगलाच होता,” म्हणाला आणि तेही चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

नवी पट्टी आली. मी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ती डबीत ठेवली. जुनी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली. आता सगळं सुरळीत होणार म्हणून मी वाट बघत राहिले. पण दादा मशीनला हातच लावेना. “तू बघ गं,” म्हणायचा आणि काउंटरवर पावत्या फाडायचा. गिऱ्हाइकानं “काय झालंय?” विचारलं तर “थांबा जरा” सुद्धा म्हणत नसे. माझ्याकडे बोट दाखवायचा. मी पंच लावायची, निकाल बरोबर यायचे, छापखान्याचं मशीनही मार्गी लागलं, त्यांचीच पट्टी खराब होती. मी मोठ्यानं सांगायची, “बघ दादा, आला की नाही बरोबर!” तो म्हणायचा, “तुझं डोकं चालतंय ना, मग झालं.” दुकान माझ्या नावावर करायचं त्यानं वहिनीशी बोलून ठेवलं होतं.

एका सकाळी त्यानं फडकं बदलायला डबी उघडली आणि पंच उजेडात धरला. “याच्या दातांवर ओरखडे नाहीत गं,” म्हणाला. नऊ वर्षं आत-बाहेर करून जुन्या पंचाच्या कडेच्या सोनेरी दातांवर ओरखडे पडलेले, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मी खोडरबरनं घासला,” मी फटकन बोलले.

त्यानं मान डोलावली आणि तेही कागदावर उतरवलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज पडलेला. “भिंगरे, खरं सांग. पंच मीच बदलला का? मला आठवत नाहीये.”

इथे मी थांबायला हवं होतं. इथे तरी. पण माझ्या तोंडाला कधी थांबायची सवय आहे? “तूच बदलला असशील की,” मी म्हटलं, “नव्या पट्ट्या आल्या तेव्हा. विसरलास वाटतं.”

त्यानं खिशातून कागद काढला आणि ते लिहून घेतलं. त्याचं पेन कागदावर चालताना मी नुसती बघत होते. मला माझी लाज वाटते. आजही आरशात केस विंचरताना ते पेन आठवतं.

आणखी तीन दिवस गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दादा डबी घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि स्टूल ओढून बसला. “हा पंच आपला नाही ना गं?”

“छापखान्याच्या मशीनमध्ये अदलाबदल झाली असेल,” मी म्हटलं. वर बघितलंच नाही.

त्यानं खिशातला गठ्ठा काढला. गॅसची, छत्रीची, विजेची चिठ्ठी बाजूला केली. दोन कागद माझ्यासमोर ठेवले, तिसरा कोरा घेऊन त्यावर मी आत्ता बोलले ते लिहिलं आणि तोही शेजारी ठेवला. तीन कागद, एका ओळीत, स्क्रू ठेवतो तसे. ‘खोडरबरनं घासला.’ ‘मीच बदलला.’ ‘छापखान्यात अदलाबदल.’

त्यानं तिन्ही कागदांवरून एकदा बोट फिरवलं.

“दर वेळी वेगळं सांगते आहेस, भिंगरे,” तो म्हणाला.

मी पर्स उघडली आणि जुना पंच त्याच्यासमोर ठेवला. मग सगळं सांगितलं. प्लग, चट्ट आवाज, लाल ओळी. हमसून हमसून रडत होते, नाक पुसत होते, मध्येच “पण माझा हेतू वाईट नव्हता रे” हेही म्हणत होते, जसं काही त्यानं तसा आरोप केला होता. त्यानं मला बोलू दिलं.

मग विचारलं, “पट्टी खराब आहे हे कळून किती दिवस झाले?”

“एकोणीस.”

त्यानं मनात हिशेब केला. त्याचं डोकं उत्तम चालत होतं, काही धाड भरली नव्हती. “म्हणजे दवाखान्यात...”

“हो,” मी म्हटलं.

तो उठला, नळाखाली चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडायला हवं होतं त्यानं, फाडकन दोन द्यायला हव्या होत्या. तो परत आला, आतल्या टेबलावर बसला, तिथं उघडं पडलेलं मशीन पुढे ओढलं आणि प्लग काढला. त्याचे ओठ हलताना मला दिसले. दहापर्यंत.

त्याला आता वर्ष होत आलं. दादा पुन्हा पहिल्यासारखा आहे. खिशातले कागद गेले, गिऱ्हाइकांना “थांबा जरा” परत ऐकू येतं, आणि कर्नल कारभाऱ्याची गोष्ट नको तितकी लांबते. डॉक्टरीणबाईंकडे तो स्वतः जाऊन आला. चूक कुणाची ते त्यानं त्यांना सांगितलं नाही, “आमच्याकडून झाली” एवढंच म्हणाला. वहिनीलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. ते मीच सांगितलं, आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. दादा बोलतो. चेष्टासुद्धा करतो, उरलेला स्क्रू माझ्या बशीतून उचलून “हा कुणाचा गं अनाथ?” म्हणतो. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, गल्ला माझ्याकडे आहे, तो आजारी असला की दुकान मी एकटी चालवते.

फक्त संध्याकाळी निघताना तो चष्म्याची डबी शर्टाच्या खिशात घालतो आणि घरी घेऊन जातो. सकाळी परत आणतो. पूर्वी ती टेबलावरच असायची. पहिल्या दिवशी त्यानं ती खिशात टाकली तेव्हा मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानं बघितलं. शटर ओढून कुलूप लावते, आणि आम्ही दोघं ती चार मिनिटांची वाट बरोबरच चालतो.